माळा रिकामा करतेय: कामाच्या नोंदी

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

एप्रिलअखेर रूम खाली करून चावी द्यायची असं सोसायटीचं पत्र आलंय, रीडेव्हलपमेंट एकदाची मार्गी लागली म्हणायची. भाड्याने टिळकनगरला जागा बघून ठेवलीय. चौथा मजला, लिफ्ट आहे, पाणी आहे, माळा मात्र नाही. घरात सगळे लिफ्टवर खूश, माळ्याचा विचार करणारी मी एकटीच.

आमची ही नेहरूनगरची रूम म्हणजे कुर्ला पूर्वेची म्हाडाची जुनी, तळमजला, मागेपुढे थोडी वाढवलेली, आणि माळा म्हणाल तर स्वयंपाकघरात, पॅसेजमध्ये, मोरीवर, पलंगावर, जिथे म्हणून वर हात पोचला तिथे फळी ठोकलेली आहे. एवढं सामान वर का गेलं त्याला कारण आहे. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला त्या दिवशी, या घरात कमरेच्या वर पाणी होतं. माझं लग्न त्यानंतरचं, पण ती रात्र मला इतक्यांदा ऐकवलीय की स्टुलावर मीच उभी होते असं आता वाटायला लागलंय. खाली होतं ते सगळं गेलं, गाद्या, फ्रिज, कपाटातल्या साड्या, पिठाचे डबे. माळ्यावरचं तेवढं वाचलं. तेव्हापासून चांगली वस्तू असो की फुटकी, आमच्याकडे ती आधी वर जाते.

आईंशी (सासूबाई) बोलणं झालं. त्या बोलल्या, "कर काय करायचं ते, पण मला दाखवल्याशिवाय एक चमचा बाहेर जायचा नाही." मान्य. म्हणून ही वही. काय गेलं, कोणी नेलं, किती आले, सगळं लिहायचं, कारण नवीन घरात गेल्यावर मला नक्की विचारणारेत की ते पितळी झाकण कुठंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

सोप्यापासून सुरुवात, रिकामे खोके. मिक्सरचा, इस्त्रीचा, दोन्ही कुकरचे, जो टीव्ही आता घरात नाही त्याचा पण. विचारलं की उत्तर एकच, "वॉरंटीला लागतो." खोक्यात खोका, त्यात थर्माकोल, थर्माकोलच्या खाचेत झुरळांची अंडी. मी तोंडाला ओढणी बांधून वर, नवरा खाली झेलायला, लेक फोटो काढायला. मदत शून्य.

पुठ्ठा भंगारवाल्याने किलोवर नेला. थर्माकोलला हात पण नाही लावला त्याने, त्याचं म्हणणं टेम्पो भरून जातो आणि काट्यावर काहीच येत नाही, मग न्यायचं कशाला. बरोबर आहे त्याचं.

आणि मग सगळ्यात मागे, चादरीत गुंडाळलेलं गणपतीचं मखर. सासऱ्यांनी स्वतः कोरलेलं, मोर आहे, पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्याला एक टिकली चिकटवलेली. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोल बंदी आली, गणपतीची थर्माकोलची आरास पण त्यात आली, त्या वर्षीपासून आम्ही कापडी पडदे लावतो आणि हे वर पडून. वापरता येत नाही, भंगारवाला नेत नाही, आणि घंटागाडीत टाकायचं म्हटलं तर कोणाचा हात होत नाही, देवाचं आणि वर बाबांच्या हातचं. शेवटी नवऱ्यानेच तोडगा काढला. मोराची मान आणि तोंड तेवढं ठेवलं, बाकीच्या पाट्या सुट्या केल्या, त्या काचेच्या बरण्या आणि कपबश्यांच्या मध्ये घालून पॅकिंगला. टिळकनगरपर्यंत तरी कामाला आलं. आई बोलल्या, "हां, मग चालेल."

हे "मग चालेल" मी वहीत लिहून ठेवलं. वस्तू गेली याचं आईंना फारसं काही नसतं, ती फुकट गेली की त्यांना लागतं. म्हणून "ठेवायचं" आणि "टाकायचं" असे दोन रकाने केले होते ते खोडले आणि एकच मोठा रकाना आखला, "कोण नेणार". ठेवू की टाकू म्हटलं की घरात भांडण सुरू, त्यापेक्षा नेणारा शोधायचा. सापडला की वस्तू आपोआप हलते. निदान तसा अंदाज आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

कागद. याला दिवस गेला अख्खा आणि जेवण बाहेरून मागवलं.

दोन सुटकेस आणि एक पत्र्याची ट्रंक, तिन्ही गच्च. टेलिफोनची बिलं १९९४ पासूनची, लाइटबिलं, रेशनकार्डाच्या झेरॉक्सची झेरॉक्स, कोणाकोणाच्या लग्नपत्रिका ज्यातल्या दोन जोड्यांचा घटस्फोट पण होऊन झाला. लेक म्हणे सगळं स्कॅन करू. मी म्हटलं अजिबात नाही, म्हणजे हाच पसारा फोनमध्ये न्यायचा आणि परत कधी उघडायचा नाही. सरळ वाचायचं आणि ठरवायचं.

बरं झालं एकेक कागद बघितला. बिलांच्या मध्ये शेअर सर्टिफिकेटं निघाली, सासऱ्यांच्या नावाची, कागदी. नव्वदच्या दशकात ऑफिसात एकाने फॉर्म भरला की सगळे भरायचे, त्यातली. नवरा लगेच मोबाईलवर भाव बघायला लागला आणि स्वतःच्या मनात गाडी पण घेऊन मोकळा झाला. तर प्रकार असाय: १ एप्रिल २०१९ पासून लिस्टेड कंपनीचे कागदी शेअर तसेच्या तसे विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट लागतं, म्हणजे कागदाचे शेअर कॉम्प्युटरवरच्या खात्यात घ्यायचे. माणूस गेला असेल तर वारसाच्या नावावर करून घेता येतात, ते कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, मृत्यूचा दाखला, केवायसी आणि बाकी कागद जोडून. आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतलाच नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात वळवलेले असू शकतात. ते बुडत नाहीत, आयईपीएफ-५ नावाचा फॉर्म भरून परत मागता येतात, पण वेळ जातो आणि चपला झिजतात. आमच्यातली एक कंपनी कधीच बंद पडलीय, तिचं सर्टिफिकेट मात्र सगळ्यात देखणं, जाड कागद, वेलबुट्टी, शिक्का. ते लेकीने मागून घेतलं भिंतीला लावायला. चला, नेणारी मिळाली.

पासबुकं पण निघाली. दहा वर्षं ज्या खात्याला कोणी हात लावला नाही त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा होतात, तिथूनही वारसाला मागता येतात, बँकेमार्फतच. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यासाठी 'उद्गम' पोर्टल काढलंय, नाव आणि पॅन वगैरे टाकलं की बऱ्याच बँकांमधलं एका जागी शोधता येतं, दारोदार फिरायला नको. आजोबांच्या आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक पासबुकावर वेगळं, लेक एकेक टाकत बसली आणि एक खातं लागलं खरं. सोमवारी नवरा बँकेत जाणारे. किती असतील देव जाणे, आई म्हणतात तीनशे.

म्हाडाचं अलॉटमेंट लेटर, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या, हे वेगळ्या फाइलमध्ये, आत्ता बिल्डरलाच द्यावं लागेल. ज्याच्यावर सही, आधार नाहीतर खातेनंबर तो कागद फाडून, उरलेला रद्दीत. रद्दीवाल्याकडे इंग्रजी पेपरला मराठी पेपरपेक्षा रुपया जास्त मिळतो, हा अपमान मी लग्न झाल्यापासून गिळतेय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. ट्रंकेच्या तळाला सासऱ्यांचे एक्स-रे. जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो म्हणून ते नेणारे वेगळे असतात, रद्दीवाल्यानेच फोन लावून दिला. आईंनी प्रत्येक फिल्मवरचं नाव कात्रीने कापायला लावलं. बाकी काही बोलल्या नाहीत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

तांबं-पितळ. यालाच मी घाबरत होते.

हंडे, कळशी, घंगाळ, दोन पराती, पितळी डबे मोठ्यापासून लहानापर्यंत, रॉकेलचा पितळी स्टोव्ह, काशाच्या वाट्या आणि बंब. बंब तांब्याचा, मधल्या नळकांड्यात कोळसे टाकायचे, भोवती पाणी तापतं, खाली तोटी. गावाहून कोणे एके काळी आला, मुंबईत एकदाही पेटला नाही, पेटवणार कुठे, मोरीत?

आई खाली बसल्या आणि एकेक भांडं मांडीवर घेऊन नाव वाचायला लागल्या. चष्मा नव्हता डोळ्यावर, बोटानेच. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली नावं आणि तारखा, कोणाच्या लग्नात कोणी दिलं. "हे मावशीचं. तिने दुसरं काही दिलं नाही जन्मात, पण बघ किती जाड आहे." "हे ह्यांच्या ऑफिसचं, वर्गणीचं, हलकं." म्हणजे माणसाची किंमत भांड्याच्या जाडीवर, आणि पन्नास वर्षं झाली तरी हिशेब चोख लक्षात.

मग ठरलं असं की ज्याला कल्हई लागते ते द्यायचं. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर आतून कथलाचा हात फिरवलेला लागतो, तो निघाला की भाजी कळकते, आणि कल्हईवाला आमच्या कॉलनीत शेवटचा कधी ओरडत आला कोणाला आठवत नाही. भांडं आहे, कल्हईवाला नाही, मग ते भांडं राहिलं कुठे, धातूच झाला तो. समई, ताम्हण, पळी-पंचपात्र, तांब्या यांना कल्हई लागत नाही, ती राहिली. काशाची एक वाटी राहिली, आई उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून त्याने घासतात. मावशीचा हंडा पण राहिला, तो नियमात बसत नाही, पण असू दे.

इथल्या भंगारवाल्याने पितळेला सांगितलेला भाव ऐकून आई हसल्या. त्यांचं म्हणणं मोड द्यायची तर तांबाकाट्याला. म्हणजे पायधुणीला, तांब्या-पितळेच्या बाजारात. मी म्हटलं आई, एवढं ओझं घेऊन हार्बरने मशीद बंदरला उतरायचं? तर टॅक्सी करून गेलो, डिकीत गोणी, मांडीवर बंब, आणि आई पुढच्या सीटवर ड्रायव्हरला रस्ता सांगतायत, जो त्याला माहीत होता.

दुकानात पहिलं वाक्य आईंचं, "आधी काटा रिकामा दाखवा." दुकानदार म्हातारा, तो पण त्याच शाळेतला, काही बोलला नाही, दाखवला. मग त्याने एकेक भांड्याला लोहचुंबक लावला. एक डबा चटकन चिकटला, वरून पितळेचं पाणी, आत लोखंड. (तो ऑफिसवाल्यांच्या वर्गणीतला होता. आईंचा चेहरा बघण्यासारखा.) काशाच्या वाट्या तो पितळेत टाकत होता, आईंनी थांबवलं आणि एक वाटी बोटांच्या टोकावर धरून नखाने टिचकी मारली. टण्ण करून आवाज गेला आणि जातच राहिला. पितळ तसं वाजत नाही, ठक्क करून गप्प होतं. काशात तांब्याबरोबर कथील असतं आणि पितळेत जस्त, कथील महाग, म्हणून काशाचा भाव वेगळा लागतो, आणि गिऱ्हाईक बोललं नाही तर दोन्ही एकाच ढिगात जातं. वाट्या वेगळ्या मोजल्या गेल्या.

बंबाची आतली लोखंडी जाळी काढून मग वजन, हंड्यांच्या बुडाला डाग दिलेला त्याची घट धरली, त्यावर थोडी तू-तू मैं-मैं, ठीक आहे. पोरगा हातोडा घेऊन कळशी चेपायला निघाला होता, त्याला म्हटलं आम्ही गेल्यावर चेप रे बाबा. पैसे आईंनी मोजून घेतले, परत मोजले, बटव्यात टाकले. माझ्याकडे आले नाहीत. वहीत रकमेच्या जागी "आईंकडे" एवढंच लिहिलंय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, साबुदाण्याची खिचडी खाऊन कपडे काढायला बसलो, डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं चढलं.

बोहारीण आली दुपारी, तिला निरोप दिलेला. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची पातेली, प्लास्टिकचे टब. तिचा पहिला प्रश्न नेहमीचा, "पँटी नाहीत का ताई?" पँट, जीन्स, शर्ट, म्हणजे जे धुऊन परत विकता येतं त्याला तिच्या लेखी किंमत, साड्यांना कमी, आणि नायलॉनच्या तर नकोच. प्रत्येक कपडा उजेडात धरून बघते, काखेत, गुडघ्यावर, शिलाईवर. नवऱ्याच्या लग्नातला सूट तिने एका नजरेत ओळखला की एकदाच घातलाय. एका कढईवरून सुरू झालं, झाकणासकट पातेल्यावर मिटलं, मध्ये ती दोनदा उठून निघाली आणि आईंनी दोनदा जाऊ दिलं.

जाताना विचारलं कुठे चाललात, सांगितलं टिळकनगर, टॉवर आहे. म्हणाली मग तिथे काय भेट नाय आपली, वॉचमन सोडत नाय गेटातून. हे माझ्या डोक्यात बसलंय. बोहारीण, कल्हईवाला, पिंजारी, जुनी जरी घेणारे, भंगारवाला, पूर्वी हे दाराशी यायचे म्हणून वस्तू घरातून वेळच्या वेळी निघायची. आता गेटवर अ‍ॅप आहे, डिलिव्हरीवाला पाच मिनिटांत आत, न्यायला येणारा मात्र बाहेर. मग घरं भरणार नाहीत तर काय. लोक उगाच स्वतःला बोल लावतात की आपल्याला मोह सुटत नाही म्हणून.

सुती साड्या आणि चादरी धुऊन वेगळ्या बांधल्या, त्या 'गूंज' संस्थेला. ते लोक जुन्या सुती कापडाचे बायकांसाठी पॅड पण बनवतात, म्हणून विरलेलं सुती चालतं, स्वच्छ मात्र हवं. बाकी फाटका ब्लाऊज आणि बटणं तुटलेले शर्ट "गरिबांना देऊ" म्हणून पिशवीत कोंबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गरिबाने काय तुमची मोरी पुसायची?

आईंचा लग्नातला शालू जरीवाल्याला दाखवला. अस्सल जरीत चांदीची तार असते, ती जुनी वस्त्रं जाळून चांदी काढतात म्हणून त्यांना भाव. त्याने कसावर घासून मान हलवली, ही तसली नाही. आई म्हणाल्या, "बरंच झालं," आणि घडी घालून पिशवीत, टिळकनगरच्या ढिगात. तो निर्णय त्यांनी आधीच घेतलेला होता, जरीवाला निमित्त.

एका साडीच्या घडीत जुन्या पाचशेच्या नोटा निघाल्या, नोटबंदीच्या आधीच्या. म्हणजे नोव्हेंबर २०१६ ला सगळ्यांनी रांगा लावल्या तेव्हा ह्या आत झोपलेल्या. बदलून काही मिळणार नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रद्द झालेल्या नोटा घरात दहापर्यंत असल्या तर गुन्हा नाही, आमच्या तेवढ्या नव्हत्या. लेकीच्या चौकटीत गेल्या, बंद कंपनीच्या शेजारी.

रविवार, ९ मार्च

इलेक्ट्रॉनिक. डब्बा टीव्ही, व्हीसीआर, दोन कीबोर्ड, बटणांचे मोबाईल, आणि चार्जरचं एक भेंडोळं ज्यातला एकही कशालाच लागत नाही. भंगारवाला टीव्ही न्यायला एका पायावर तयार होता, पण त्याला फक्त मागच्या नळीच्या मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी हवी असते, काच नंतर फोडून नाल्याकाठी. त्या काचेत शिसं असतं. आधीच आमच्याकडे नाल्याचं पाणी कुठे येतं ते २००५ ला कळलेलं आहे.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात हे सगळं नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवं, त्यांच्या याद्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतात. एका घरासाठी गाडी कोण पाठवणार, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की माझ्याकडे टीव्ही आहे, अजून कोणाकडे? तर काय विचारता, रीडेव्हलपमेंटमुळे सगळेच उपसतायत, प्रत्येक माळ्यावर एक डब्बा टीव्ही. गाडी आली, भरून गेली. पैसे नाममात्र. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आधी काढून घेतली, आणि फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्या वेगळ्या डब्यात दिल्या, दाबून कोंबायच्या नाहीत, पेट घेतात.

गुरुवार, १३ मार्च

होळी. कॉलनीतली पोरं लाकूड मागायला आली. मोडकी लाकडी खुर्ची आणि पाट दिले. सनमायका लावलेलं प्लायचं कपाट मागत होते, ते नाही दिलं, त्यातल्या डिंकाचा धूर नाकातोंडात जातो. पोरं म्हणाली काकी कंजूस आहे.

रविवार, १६ मार्च

पुस्तकं पटकन झाली. वाचनालयाला आधी फोन केला, घेऊन नाही गेलो. त्यांना कुठले दिवाळी अंक कमी आहेत ते विचारलं, त्यांनी वर्षं सांगितली, तेवढेच बांधले. जुनी शालेय पुस्तकं कोणीच घेत नाही, अभ्यासक्रम बदलतो, ती रद्दीतच. कादंबऱ्या आणि लेकीची इंग्रजी पुस्तकं किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, अपेक्षेपेक्षा कमी मिळाले, पण तिथून ती परत कोणाच्या तरी हातात जातात.

देवांच्या तसबिरी अवघड. दरवर्षी कॅलेंडर, भेट, कोणी तीर्थयात्रेहून आणलेल्या, काचा तडकलेल्या. लोक पिंपळाखाली नेऊन ठेवतात, आमच्या कोपऱ्यावरच्या झाडाखाली तर देवांची गर्दी झालीय, पावसात भिजतायत बिचारे. मला ते पटत नाही. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या चौकट म्हणजे काय देव नाही. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, मागचे खिळे उपसले, काच काचेत, लाकूड लाकडात, चित्रं तेवढी एका कागदात गुंडाळून पालिकेच्या निर्माल्य कलशात. सत्यनारायणाच्या मागे वाळवी लागलेली होती, आणि दत्तगुरूंच्या मागे १९८८ चं वर्तमानपत्र, नवरा तेच वाचत बसला.

शनिवार, २२ मार्च

पुरात भिजलेले अल्बम. वीस वर्षं दुधाच्या पिशवीत बांधून ठेवलेले, फोटो एकमेकांना चिकटून विटेसारखे झालेत. कोरडे ओढले की रंग सोलून येतो. लॅबवाला म्हणाला गार पाण्यात बुडवून बघा, गरम नाही, आणि घाई नाही. परातीत (जी दिली नाही ती) पाणी घेऊन एकेक जुडगा सोडला. काही सुटले, कडेने हळूहळू, चिमट्यात धरून कपड्यांच्या दोरीवर वाळत घातले. काहींचा रंग पाण्यात गेला, कोणाचा चेहरा, कोणाची नुसती साडी उरली. दोरीवर ओळीने नवऱ्याची मुंज. सुटलेले स्कॅनला दिले, इथे स्कॅन पटतं मला. उरलेल्या विटा आईंनी हातात घेतल्या, कुठली कुठल्या लग्नाची ते सांगितलं, आणि म्हणाल्या "दे टाकून." नेणारं कोणी नव्हतं तरी. "कोण नेणार" च्या रकान्यात पहिल्यांदाच रेघ.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी इथली शेवटची, फार वेळ नाही लिहायला. गाद्यांचा कापूस पिंजून घेऊन नवीन पातळ गाद्या करायला दिल्या, चेंबूरला एक गादीवाला अजून हे करतो. जुन्या फोमच्या गादीला कोणी विचारत नाही, ती वॉचमनने मागितली.

शनिवार, ५ एप्रिल

माळे रिकामे. फळ्यांवर भांड्यांचे गोल डाग राहिलेत तेवढे. टेम्पोची यादी करताना राहिलेली एक वस्तू, आईंचं शिलाई मशीन. पायाचं, लोखंडी स्टँड, चामडी पट्टा, खण ओढला की त्यात बॉबिन आणि खडू. वर्षानुवर्षं अख्ख्या बिल्डिंगच्या साड्यांना फॉल-पिको यावर झालेत.

ग्रुपवर टाकलं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बचतगटाच्या बायका आल्या, त्या कापडी पिशव्या शिवतात. बसून चालवून बघितलं, टाका सरळ, खूश झाल्या. पण त्यांच्याकडे मोटर आहे, वरचं मशीन तेवढं हवं, स्टँड नको, जागा नाही. आणि स्टँडला चोर बाजारात गिऱ्हाईक आहे, हॉटेलवाले त्यावर संगमरवर टाकून टेबल करतात, नवऱ्याने फोनवर भाव पण काढला. म्हणजे नेणारे दोन दोन तयार, पैसे बरे, रकाना दोन्हीकडे भरलेला.

आई ऐकत होत्या. म्हणाल्या, "डोकं एका घरी आणि पाय हॉटेलात? काही नको."

बचतगटाच्या बायकांना चहा दिला, आणि पट्टा नवीन टाकून घेतला तर आई त्यांना झिपर लावायला शिकवतील असं ठरलं, आठवड्यातून एकदा, टिळकनगरला, लिफ्ट आहेच. टेम्पोच्या यादीत मशीन वाढवलं. टेम्पोवाला म्हणतो लोखंडी स्टँडची हमाली दोनशे वेगळी. आईंना सांगितलं, त्यांनी बटवा काढला.